जेवणाच्या वेळेला कोण जातं?

आर्मांचं आणि माझं भांडण शाळेपासूनचं. तेव्हा तो माझ्या वेण्या ओढायचा, म्हातारपणी माझी वाट अडवायला निघाला. चर्चच्या दफनभूमीमागून एक कच्ची वाट निघते, टेकडी चढते, बीच नावाच्या उंच झाडांच्या राईतून उतरते आणि पलीकडच्या प्राद वस्तीत माझ्या बहिणीच्या, लेओंतीनच्या दाराशी संपते. दोन्ही बाजूंना आर्मांचं कुरण. गेल्या शरदात कुणीतरी त्याच्या तारेचं फाटक उघडं टाकलं आणि त्याच्या कालवडी फिरत फिरत थेट चर्चच्या पायरीपर्यंत आल्या. रविवारची प्रार्थना चालू होती. सगळं गाव हसलं. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं: ही वाट गावानं मला विकून टाकावी.

आमच्याकडे कायदाच तसा आहे. लोक जातायेत तोवर वाट गावाची. जाणं-येणं थांबलं की गाव ती विकू शकतं.

"मी जाते ना त्या वाटेनं!" मी ग्रामसभेत उठून म्हटलं.

"कधी गेली होतीस शेवटची?" आर्मां म्हणाला. "आणि तू एकटी म्हणजे काय जनता आहेस का गं, उगेत?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मुद्दा त्याचा बरोबर होता. हिवाळ्यापासून मी खरंच गेले नव्हते. काटेरी झुडपं कमरेएवढी माजली होती आणि माझा गुडघा पूर्वीसारखा राहिलेला नाही. डांबरी रस्ता नदीकडून एवढा मोठा वळसा घेऊन जातो की चालत जायचं नाव नको. बस बंद झाली. गाडी ना मला येते, ना लेओंतीनला. मग आम्ही बहिणी फोनवर बोलायचो. फोनवर माणूस किती बोलणार? तिच्या हातची कॉफी काही फोनमधून येत नाही. ती माझ्यापेक्षा मोठी, ऐंशी उलटलेली. वाट गेली तर तिची-माझी भेट एकदम कुणाच्या तरी अंत्ययात्रेलाच होईल, या विचारानं मला झोप लागेना.

आमची सरपंच साबीन तरुण आहे, पोस्टही तीच सांभाळते, आणि आम्हा दोघांच्या कटकटीला पार कंटाळलेली. ती म्हणाली, "रविवारी मी स्वतः त्या फाटकापाशी येऊन बसते. कोण जातं, कोण येतं, बघूच."

"ये की! जेवायलाच ये," आर्मां पटकन म्हणाला. "तिथेच टेबल मांडतो. बारा ते दोन. तेवढ्यात एक जरी परका माणूस त्या वाटेनं आला ना, तर मी वाटेचं नाव काढणार नाही. वर त्याला माझ्या पंक्तीला बसवून पोटभर जेवू घालीन!"

"पण कुणी कुणाला बोलावून आणायचं नाही," साबीननं दोघांकडे बोट रोखलं. "उगेतबाई, तुम्हीसुद्धा."

"मी कशाला बोलावू? घोडामैदान जवळच आहे," मी ठसक्यात म्हटलं, आणि घरी जाऊन डोक्याला हात लावला. बारा ते दोन! लबाड कुठला. त्या वेळात आमच्या गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. बेकरी बंद, पोस्ट बंद, खिडक्यांची दारं ओढलेली, जो तो ताटावर. मी स्वतः त्या वेळी वाटेवर दिसणार नाही, तिथे दुसऱ्याला काय सांगू?

एक अंधुक आशा होती. अलीकडे एक नवीनच जमात उगवली आहे, खडीचे सायकलवाले. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पाठीपर्यंत चिखल. समोर गुळगुळीत रस्ता असताना ही माणसं मुद्दाम दगडधोंड्यांतून जातात आणि वर खूश असतात! बाटल्या भरायला दफनभूमीच्या नळावर येतात, कारण नळ तर प्रत्येक गावच्या दफनभूमीत असतो आणि मेलेली माणसं दुपारची दार लावून घेत नाहीत. मे महिन्यात मी नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालत होते, तेव्हा लीव नावाची एक बेल्जियमची पोरगी भेटली. तिनं मागच्या वाटेबद्दल विचारलं. मी म्हटलं, "जा बिनधास्त. तारेला प्लास्टिकची मूठ आहे, ती धरूनच उघड, नाहीतर शॉक बसेल. आणि मागे बंद कर गं बाई, नाहीतर गाई चर्चला जातात." ती हसली, फोनवर काहीतरी खुणा केल्या आणि गेली. पण एक पोरगी महिन्यापूर्वी गेली, याला काय जनता म्हणतात?

रविवार उजाडला तो असा लख्ख, की पावसानं तरी जेवण उधळावं ही माझी शेवटची आशाही गेली. आर्मांनं त्याच्या घरासमोर, फाटकाजवळच्या चेस्टनटच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. त्याची बायको जिनेत म्हणजे सोन्यासारखी बाई, कुणाच्या पापानं त्याला मिळाली कोण जाणे. तिनं जाड पारीत बटाटे आणि साय भरून भट्टीत भाजलं होतं, एक नाही, चांगली चार ताटं. "एवढं कशाला?" आर्मांनं विचारलं. "कमी नको पडायला," ती म्हणाली.

आम्ही जेवायला बसलो. म्हणजे ते तिघं जेवत होते, माझा जीव टांगणीला लागलेला. चर्चमध्ये एकचा ठोका पडला. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं.

"घे गं उगेत, चीज घे," आर्मां म्हणाला. "जनता आली की मग हात रिकामा मिळायचा नाही तुला."

"तू तुझं गिळ."

साबीननं माझ्या पेल्यात वाइन ओतली आणि हळूच माझ्या हातावर हात ठेवला. ते मला जास्त लागलं. हरलेल्या माणसाच्याच हातावर हात ठेवतात. मला रडू येणार होतं, तेवढ्यात टेकडीवरून हसण्याचा आवाज आला.

बीचच्या झाडांतून एक सायकल बाहेर पडली. मग दुसरी, मग तिसरी, मग मी मोजायचं सोडलं. धूळ उडवत, ओरडत, एकमेकांना चिडवत सगळी वरात खाली उतरली आणि फाटकाशी थांबली. सगळ्यात पुढे लीव.

"अय्या, तुम्ही!" तिनं मला ओळखलं. "इथे कुठे खायला मिळेल का हो? पोटात नुसते कावळे ओरडताहेत. सगळीकडे सगळं बंद! पलीकडच्या वस्तीत एक आजी भेटल्या, त्या म्हणाल्या, या वाटेनं उतरा, खाली कुणी ना कुणी जेवत असेलच."

आर्मां ताडकन उठला. "हिनंच बोलावलंय यांना! ओळख आहे त्यांची!"

"थांबा, आर्मांदादा," साबीन म्हणाली आणि लीवकडे वळली. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

"बोलावणार कोण? ही वाट आमच्या फोनच्या नकाशात आहे. मी मे महिन्यात टाकली. आता कितीतरी जण जातात. आमचे मित्र गुरुवारी गेले, त्यांच्या आधी काही डच लोक."

"खोटं!" आर्मां ओरडला. "मी रोज इथे असतो. मला कसं एकही माणूस दिसला नाही?"

"आम्ही नेहमी बारा ते दोनमध्येच जातो," लीव म्हणाली. "तेव्हा तुमच्या देशात रस्त्यावर एक गाडी नसते. एवढं सुख कुठे मिळणार?"

मग जिनेत अशी हसत सुटली की तिला टेबल धरावं लागलं. तिच्या मागोमाग साबीन. रोज दुपारी आर्मां खिडक्या ओढून पानावर बसलेला, आणि रोज त्याच्या नाकासमोरून सायकली चाललेल्या! मला त्याला हसायचं होतं, पण मी कुठे शहाणी? मीही त्या वेळी माझ्या सुपात पाव बुडवत बसलेली असते. मग आम्ही दोघंही हसलो.

"बसा," आर्मां शेवटी म्हणाला, तोंड वाकडं करून. "बसा सगळे. मी दिलेला शब्द फिरवतो, असं नको व्हायला."

जिनेतनं ती चारही ताटं पुढे सरकवली. सायकली गवतात आडव्या पडल्या. सगळ्यात मागचा दाढीवाला पोरगा मात्र बसायच्या आधी फाटकाशी परत गेला, मूठ धरून तार अडकवली आणि ओढून पाहिली.

"काय करतोयस रे?" आर्मांनं विचारलं.

"तुमच्या गाई आहेत ना."

आर्मांनं स्वतःची खुर्ची त्या पोराकडे सरकवली आणि घरातून जपून ठेवलेली बाटली घेऊन आला.

तो बूच काढत असतानाच मला टेकडीवर निळा ठिपका दिसला. मी हातातला पाव खाली ठेवला. तो निळा झगा मी जगात कुठेही ओळखेन. एका हातात काठी, दुसऱ्या हातात थर्मास, आणि चाल तीच, घाई नसल्यासारखी.

"लेओंतीन!" मी एवढ्यानं ओरडले की कालवडी पळाल्या.

"ओरडू नकोस, ऐकू येतं मला," ती लांबूनच म्हणाली. "या पोरांनी सगळी झुडपं तुडवून सपाट केलीत. म्हटलं, चाकं जातात तर माझे पाय का नाही जाणार?"

मी उठेपर्यंत आर्मां फाटकाशी पोचला होता. त्यानं मूठ धरून तार काढली आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. लेओंतीन आत आल्यावर ती सवयीनं फाटक लावायला वळली.

"राहू दे," तो म्हणाला. "लावायचं काम माझं."

मी तिला मिठी मारली आणि लहान पोरीसारखी रडले, सगळ्यांच्या देखत, काय करायचं ते करा. तिच्या केसांना अजून तोच साबणाचा वास येत होता. तिनं थोडा वेळ माझी पाठ थोपटली, मग मला ढकललं.

"पुरे गं, उगेत. कप काढ. कॉफी थंड होतेय."