गोळ्यांविना दहा दिवस

महाप्याच्या कारखान्यात विजयमालाचं काम डोळ्यांचं होतं. टीव्हीत बसणाऱ्या हिरव्या प्लेटा भिंगाखाली धरायच्या आणि कुठे तारांच्या जोडाचा डाख सुटलाय का बघायचं. वर ट्यूबलाइटची रांग, दिवसाला चारशे प्लेटा.

सहा वर्षं तिचं अर्धं डोकं ठणकत होतं. आधी नजरेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी चकचकीत रेघ हलायला लागायची. मग डाव्या डोळ्यामागे घण पडायचे, मग उलट्या. चष्मा झाला, दृष्ट काढून झाली, मेडिकलमधल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर जवळजवळ रोजच्याच. तिचा नवरा ज्ञानू मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. तिच्या कपाळाला बाम चोळत तो म्हणायचा, "अगं, वझं मी उचलतो आन् डोस्कं तुझं दुखतंय. ही काय तऱ्हा?" त्यात चेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

शेवटी नेरूळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक वही ठेवायला सांगितली. कधी दुखलं, काय खाल्लं, झोप किती, पाळी कधी, गोळ्या किती. दोन महिन्यांनी वही चाळून त्या म्हणाल्या, "याला मायग्रेन म्हणतात. पण महिन्यातले पंचवीस दिवस गोळ्या? आता या गोळ्यांनीच तुमचं डोकं रोज दुखतंय. त्या बंद करायच्या. पहिले दहा दिवस फार वाईट जातील, ते काढा. मग मी दुसरं औषध सुरू करते. उपाशी राहू नका, झोप मोडू नका, आणि त्या झगझगीत उजेडात बसणं टाळा."

"बाई, तिथं बसायचाच पगार मिळतो मला," विजयमाला म्हणाली.

रजा मिळाली चार दिवसांची. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला डोकं टेकून गुरासारखी हंबरली. ज्ञानू कामावर गेला नाही. त्याने खिडकीला गोधडी बांधली, उलटीचं घमेलं धुतलं, आणि शेजारच्या जाईबाईंना रेडिओ बारीक करायला हात जोडले.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. दुपारी ती रेघ आली आणि समोरची प्लेट अर्धी दिसेनाशीच झाली. उरलेल्या तिने अंदाजाने पास केल्या. संध्याकाळी सुपरवायझर मालतीबाईंनी अकरा खराब प्लेटा तिच्यापुढे मांडल्या. "तुझ्या जागेसाठी रोज चार बायका गेटवर उभ्या असतात गं. मी तरी किती झाकू?"

विजयमाला बाथरूममध्ये गेली आणि पर्समध्ये उरलेल्या दोन गोळ्या एकदम गिळल्या. अर्ध्या तासात ठणका उतरला.

घरी ज्ञानूने दारातच विचारलं, "आज पाचवा ना? निम्मं झालं की!"

तो बोटांवर दिवस मोजत होता हे तिला तेव्हा कळलं. चप्पल न काढताच ती म्हणाली, "घेतली मी गोळी."

त्याने मोजायची बोटं मिटून घेतली. मग म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासनं धरू."

"रजा कुठाय?"

तरी तिने दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा धरलं. सहा दिवस निघाले, सातव्या दिवशी कारखाना उघडला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर तिने वहीत लिहिणं सोडलं. दवाखान्याची पायरीही चढली नाही. काय सांगणार होती? आजार तिला पुरता समजला होता, आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात नेरूळच्या बाजारात डॉक्टरीणबाई समोरच आल्या. "काय हो, डोकं काय म्हणतंय?"

"बरंय बाई आता," विजयमाला म्हणाली.

त्यांचा चेहरा उजळला. "बघा, म्हटलं होतं ना मी!"

शेजारी उभ्या असलेल्या ज्ञानूने हातातल्या पिशवीत तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर भाजी सरकवली.