पिवळ्या तबकडीची धार

पिवळी तबकडी ताडापर्यंतदेखील पोचली नाही. वामन मेस्त्रींच्या हातून सुटताना तिने आव मोठा आणला होता. परंतु अर्ध्या माळावर येताच तिचा दम सरला आणि ती आधी फेकलेल्या निळ्या तबकडीच्या शेजारी, कापलेल्या गवताच्या खुंटांत, निमूटपणे जाऊन बसली. कारखान्याच्या मागील कुंपणाशी मंडळी उभी राहून पाहत होती. मेस्त्रींनी मग आपल्या कपाटातून आणलेला परदेशी नमुना हाती घेतला. तो तांबड्या रंगाचा होता. त्याच दंडाने, त्याच जागेवरून त्यांनी तो फेकला. तांबडी तबकडी जमिनीला समांतर निघाली, ताडाला उजवीकडून ओलांडून गेली आणि तेथे पोचल्यावर, जणू मागून कोणी हाक मारली, अशी डावीकडे वळून गवताच्या गंजीपलीकडे उतरली.

“निळीचं मला काही म्हणायचं नाय,” मेस्त्री म्हणाले. “तिचं कामच जवळचं. पण पिवळी जर निळीच्या मांडीला मांडी लावून बसणार असेल, तर शेठनी दुसरा साचा कशाला बनवला?”

प्रश्न रामूला होता. रामू मोल्डिंग मशीन चालवीत असे. मूळचा तो उत्तरेकडील. बायको आणि दोन मुलींसह सरावलीच्या चाळीत राही. साचा थंड होण्याआधीच तू माल बाहेर काढतोस, त्यामुळे तबकडी आतल्या आत वाकते आणि उडत नाही, असा मेस्त्रींचा त्याच्यावर आरोप होता. शनिवारी मुंबईहून गिऱ्हाइकाचा माणूस माल पाहण्यास येणार होता. तोपर्यंत पिवळी ताडापार गेली नाही, तर काम दुसऱ्या कारखान्यात जाईल, आणि मग रामूने सोमवारी येण्याची तसदी घेऊ नये, असे मेस्त्रींनी सर्वांदेखत सांगितले.

“पूरा ठंडा करके निकालता हूँ, मेस्त्री,” एवढेच रामू म्हणाला आणि तांबडी आणण्यासाठी गंजीकडे चालू लागला.

ही गोष्ट एक्याण्णव सालच्या हिवाळ्यातील. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील तो कारखाना तसा लहानच. बरण्यांची झाकणे, साबणाच्या डब्या आणि मुलांच्या जेवणाच्या थाळ्या हा त्याचा मुख्य व्यवसाय. त्यात या परदेशी तबकड्यांचे काम कोठून तरी चालून आले. तिकडे म्हणे लोक रानावनात फिरून एक खेळ खेळतात. दूर एका खांबाला साखळ्या लटकावलेली टोपली असते, आणि कमीत कमी फेकींत तबकडी त्या टोपलीत पाडायची असते. टोपली दूर असता पिवळी फेकावी, कारण ती पातळ काठाची, लांब पल्ल्याची. टोपली जवळ आली म्हणजे निळी, कारण ती जाड ओठांची, सावकाश आणि सरळ जाणारी, सांगितल्या ठिकाणी उतरणारी. मेस्त्रींनी हे सर्व समजावून सांगितले, तेव्हा फिनिशिंगच्या टेबलावर बसणारी बायडी म्हणाली होती, “म्हंजे थाळी फेकायची, आन् तिच्या मागं रानात हिंडायचं. आमची बकरी रोज हेच करते, फकस्त तिच्याकडं थाळी नाय.”

त्या टेबलावर बायडीच्या समोर गोमा बसत असे. ही कथा त्याचीच आहे.

गोमा पाम गावचा. चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेला, पन्नाशी उलटलेला, सायकलीने ये-जा करणारा. साच्यातून निघालेल्या मालाच्या काठाला प्लास्टिकची बारीक कुसळे राहतात. ती खरवडून काठ गुळगुळीत करणे, हे त्याचे अठरा वर्षांचे काम. करवतीच्या मोडक्या पात्याला दगडावर घासून त्याने स्वतःची सुरी केली होती आणि मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. परंतु त्याचे खरे हत्यार सुरी नव्हे, त्याचा गाल होता. खरवडून झालेली प्रत्येक वस्तू तो उजव्या गालावरून एकदा फिरवी. बोटाची कातडी कामाने राठ झालेली असते, ती खोटे बोलते. गाल खोटे बोलत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

ही श्रद्धा त्याला फुकट मिळालेली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने कारखान्यातील एक थाळी हौसेने घरी नेली होती. त्याची लेक विजया तेव्हा तीन वर्षांची होती. तिने ती थाळी तोंडाला लावली आणि काठाच्या कुसळाने तिचा वरचा ओठ फाटला. ओठ भरून आला, व्रण राहिला. विजया आता पालघरला सुखाने नांदत होती आणि त्या व्रणाला हसण्यावारी नेत असे. तथापि गोमाच्या हातून त्या दिवसानंतर टोचणारी एकही वस्तू बाहेर गेली नाही. त्यामुळेच त्याच्या टेबलावरून पुढे गेलेल्या मालाकडे कोणी पुन्हा वळून पाहत नसे.

रामूने गंजीपलीकडून आणलेली तांबडी तबकडी त्या दिवशी गोमाच्या हाती आली. सवयीने त्याने ती गालाला लावली आणि चटकन मागे सरला. काठ चांगलाच लागत होता. परदेशी लोकांचे नाव मोठे, पण कामात किती हा निष्काळजीपणा, असे त्याच्या मनात आले. त्यांच्याकडे काठ पाहणारा माणूस नसावा, याचे त्याला मनापासून वाईट वाटले. मग त्याने आपली पिवळी गालावरून फिरवली. ती पिकल्या चिकूच्या सालीसारखी मऊ होती. त्याला समाधान वाटले.

संध्याकाळी पाममधील आपल्या ओटीवर बसून त्याने बायकोला, जिवलीला, हे सर्व सांगितले. रामूवर आलेले संकट सांगितले, आणि परदेशी कामाचा गबाळेपणाही सांगितला. जिवली वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर न करताच विचारले,

“त्यांची लागते, पन लांब जाते ना?”

“जाते.”

“आन् तुमची लागत नाय, ती जात पन नाय.”

एवढे बोलून ती पुढच्या शेंगेकडे वळली. गोमा मात्र जागच्या जागी खिळला. जिवलीच्या पायाशी पडलेला विळा त्याने पाहिला. दाराशी टेकवलेली कुऱ्हाड पाहिली. लाकडात शिरायचे तर कुऱ्हाडीला धार लागते. मग वाऱ्यात शिरायचे तर? मेस्त्रींनी प्रत्येक नव्या मालाच्या वेळी सांगावे तसेच सांगितले होते की काठ साफ करून द्या. आणि त्यानेही प्रत्येक मालाला करावे तसेच पिवळीला केले होते. साच्याने दिलेली पातळ धार कुसळ समजून त्याने खरवडली होती. जी तबकडी दूर जाण्यासाठी जन्मली होती, तिला त्याने स्वतःच्या हाताने निळीची बहीण करून टाकले होते.

जेवताना त्याचे लक्ष लागेना. गप्प राहावे, तर रामूचे बिऱ्हाड उठणार होते. बोलावे, तर अठरा वर्षांचे नाव जाणार होते. आणि नावापेक्षाही मोठे भय हे, की पिवळीचा काठ खरवडायचाच नसेल, तर खरवडणारा माणूस तरी कशाला हवा? जिवलीला त्याने इतकेच विचारले, की काम गेले तर काय करायचे. तिने ताटात भात वाढत उत्तर दिले की वाडीत वांगी आहेत, घरात दोन माणसे आहेत, आणि रामूच्या घरी चार आहेत. यापुढे त्या विषयावर दोघांत बोलणे झाले नाही. त्याला झोप मात्र चांगली लागली.

शुक्रवारी सकाळी गोमा मशीनपाशी गेला. रामू रात्रभर न निजल्यासारखा दिसत होता. गोमाने त्याला सांगितले की पुढच्या दोन पिवळ्या माझ्या टेबलावर धाडू नकोस, तशाच माझ्या हाती दे. रामूला कारण कळले नाही. परंतु त्याने दिल्या. जेवणाच्या सुट्टीत गोमाने मेस्त्रींना माळावर येण्याची विनंती केली, आणि त्यांच्यामागोमाग बायडीसह सारेच आले.

पहिली तबकडी गोमाने स्वतः फेकली. त्याच्या दंडात तेवढे बळ नव्हते, आणि धारेच्या तबकडीला बळकट हात लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. ती हातातून सुटताच डावीकडे कलंडली आणि थेट गटारात गेली. हसण्याची एक लाट उठली. बायडी म्हणाली, “गोमाभाऊ, टोपली तिकडं नाय.”

गोमाला राग आला नाही. त्याने दुसरी तबकडी रामूच्या हाती दिली आणि म्हणाला, “तू फेक. तुझी हाय ती.”

रामूने अंग मागे वळवले, आणि मनातील सारी भीती हातात आणून तबकडी सोडली. ती सणसणत निघाली. थोडी उजवीकडे झुकली, ताडाच्या झावळ्यांखालून पार झाली, आणि मग अगदी तांबडीप्रमाणेच डावीकडे वळून गंजीच्याही पुढे, बोरीच्या झुडपापाशी पडली. रामू धावत गेला नाही. तो तेथेच खाली बसला.

“ही कुठली?” मेस्त्रींनी विचारले.

“आपलीच,” गोमा म्हणाला. “फकस्त माझ्या टेबलावरनं गेलेली नाय.”

मेस्त्रींनी रामूकडे पाहिले, मग गोमाकडे, आणि मग सोबत आणलेल्या खरवडलेल्या पिवळीच्या काठावरून पहिल्यांदाच अंगठा फिरवला. त्यांना सर्व उमगले. पहिली बोलली ती बायडी.

“काय हो गोमाभाऊ, देवानं विळा दिला, तुमी त्याची पळी केली.”

सगळे हसले, गोमाही हसला. मेस्त्री हसले नाहीत. ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “साफ करा असं मीच सांगितलं होतं, गोमादादा. तुमच्याकडून आलेला माल बघायची आम्हाला कधी सवयच नव्हती.” नंतर रामूपाशी जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलले ते कोणाला ऐकू गेले नाही. परंतु रामूने मान हलवली आणि डोळे पुसले.

शनिवारी गिऱ्हाइकाचा माणूस आला. निळी सरळ गेली आणि सांगितल्या जागी बसली. पिवळी ताडापार गेली. काम कारखान्यातच राहिले, आणि रामू सोमवारी नेहमीप्रमाणे मशीनवर उभा राहिला.

बदल झाला तो गोमाच्या टेबलावर. निळ्या तबकड्या, झाकणे, थाळ्या पूर्वीप्रमाणे त्याच्यापुढे येत. पिवळ्या मात्र त्याच्या डोळ्यांसमोरून सरळ खोक्यात जात. पहिले काही दिवस पिवळ्यांचा गठ्ठा जवळून गेला की त्याचा हात आपोआप सुरीकडे वळे. मग तो दोन्ही हात मांडीवर ठेवून गठ्ठा पुढे सरकेपर्यंत स्वस्थ बसे. बायडी हे पाही, पण त्याबद्दल तिने कधी थट्टा केली नाही.

एका सकाळी रामूने पहिली पिवळी आणून त्याच्यापुढे ठेवली. गोमाने सुरी उचलली, तसा रामू म्हणाला, “खरवडायची नाय, काका. फकत गाल लावा. साचा घिसला, तर मला कसा समजणार?”

गोमाने तबकडी उजव्या गालाला लावली. ती लागली. “लागते,” तो म्हणाला. “जाऊ दे.” रामू ती घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन आला, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू तो रिवाजच झाला. गोमाचा शब्द आल्याखेरीज पिवळ्यांचे खोके भरले जाईना. ज्या गालाने सारा जन्म मऊपणा शोधला, तोच आता धार शोधू लागला.

संक्रांतीला विजया आपल्या लहान मुलीला घेऊन पामला आली. ओटीवर उन्हात बसल्यावर बापाच्या उजव्या गालावरील बारीक तांबूस ओरखडा तिच्या नजरेस पडला. “बाबा, हे काय लागलं?”

“काय नाय. माल चांगला निघतोय,” गोमा म्हणाला.

विजयाला अर्थ कळला नाही. ती हसली, आणि हसताना वरच्या ओठावरील जुना व्रण क्षणभर पांढरा दिसला. आतून जिवलीने नातीसाठी भाताची थाळी आणली. ती कारखान्याचीच होती, निळ्या काठाची. मुलीने दोन्ही हात पुढे केले. गोमाने थाळी मध्येच आपल्याकडे घेतली, भात सांडू नये म्हणून मान वाकवली, आणि तिचा काठ सावकाश डाव्या गालावरून फिरवला. मग त्याने थाळी नातीपुढे ठेवली.