छकुलीचा फू

मी एक जुना कंप्रेसर आहे, मित्रांनो. मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत माझी जागा. गॅस दाबून पुढे ढकलायचा, नळ्यांतून फिरून आला की पुन्हा ढकलायचा. त्यातूनच आत बसणाऱ्यांना गार वारा मिळतो. जन्मभर हेच केलं. आता थकलो आहे. बोलताना घरघर लागली तर समजून घ्या.

नवा होतो तेव्हा काय कौतुक! आजोबा पाहुण्यांना मुद्दाम गाडीत बसवून म्हणायचे, "स्वेटर आणलाय ना?" पुढे कौतुक आटलं. मी आहे हेच सारे विसरले.

मग घरात नात आली, छकुली. तिच्या अंगाला घामच येत नाही. ऊन लागलं की अंग तापतं. डॉक्टरांनी आईला बजावलं, "हिला गारव्यातच ठेवा." घराबाहेरचं जग तिला दिसे ते माझ्याच जिवावर. गार वारा येतो त्या जाळीला गाल लावून ती माझ्या वाऱ्याला हाक मारी, "फू!"

एका उन्हाळ्यात माझा गॅस कमी झाला. जुन्या जातीचा तो गॅस आता मिळत नाही. छकुलीचे बाबा घाईघाईने नव्या जातीचा भरून आले.

"चालेल ना रे हा?" आजोबांनी विचारलं.

"अहो अण्णा, गॅस तो गॅस!"

काही दिवस फू आला. पण माझं जुनं तेल नव्या गॅसबरोबर फिरेना. ते नळ्यांतच बसून राहिलं आणि मी कोरडा घासत राहिलो. एका दुपारी भर रस्त्यात माझा जोर सरला. जाळीतून झळ आली. छकुली लालबुंद झाली. आईने बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं आणि तिला उचलून समोरच्या औषधांच्या गार दुकानात धाव घेतली. तिथे पोर सावरली. मी मात्र तोंड कुठे लपवू?

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. "जुन्यावरच नवा ओतलात? तेल गेलं, गॅस गेला, हाती राहिलं धुपाटणं!"

"म्हणजे हा काढून टाकायचा?" बाबांचा आवाज खोल गेला होता. माझाही जीव टांगणीला लागला.

मिस्त्रीने मला हाताने फिरवून पाहिलं. "कुरकुरतोय, पण फिरतोय. म्हाताऱ्यांचं असंच असतं."

"माझ्याकडे बघून बोलू नकोस!" आजोबा म्हणाले.

मग मिस्त्रीने माझ्या पोटातला सगळा गॅस हवेत न सोडता टाकीत ओढून घेतला. नळ्या धुतल्या, रबरी कड्या बदलल्या, नव्या गॅसला मानवणारं तेल घातलं. पंपाने आतली हवा काढली आणि मग नवा गॅस भरला, पूर्वीपेक्षा जरा कमीच; हा तेवढाच पुरतो.

आईने आधी स्वतःचा हात जाळीपुढे धरला. बराच वेळ धरला. मगच छकुलीला जवळ घेतलं. मी होता नव्हता तो जोर लावला.

"फू!"

मित्रांनो, मला कौतुक नको. जुन्या वस्तूत काही भरण्याआधी एवढंच विचारा, "कोणता?" बाबा तर हल्ली स्वयंपाकाचं तेल आणायला सांगितलं तरी "कोणतं?" म्हणतात आणि आई हसते. मी थकलोय खरा. पण जाळीला तो इवलासा गाल लागला, की पुन्हा ढकलतो.