पाटीवर न मावलेलं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. माझे मालक पाट्या रंगवणारे पेंटर. दोरीनं रेघ मारायची, अक्षरं मोजायची, मगच ब्रश उचलायचा, हे सगळं माझ्या पुढच्या भागाचं काम. लोक मात्र म्हणत, "काय हात आहे पेंटरचा!"

एकदा मालक शिडीवरून पडले. कंबरेसाठी डॉक्टरांनी अफूच्या जातीची गोळी दिली, पंधरा दिवसांपुरती. मालकांनी ती दुकानं बदलत चार वर्षं घेतली. दुखणं शमवणारा थोडा माल मी घरीच बनवतो. बाहेरून आयता येतोय म्हटल्यावर मी शहाण्यासारखा कारखाना मंद केला. तीच माझी घोडचूक. आता गोळी चुकली की वारा लागला तरी मालक कळवळायचे आणि मी एकच धोशा लावायचो, गोळी आण! मापाचा माझा पुढचा भाग जुन्या सतरंजीसारखा विरत गेला.

"गोळी कुठंय, हे दिवसातून दहादा विचारता," बायको म्हणाली. "मी कुठंय, हे कधी विचारलंत?"

मालकांनी विचार केला. "कुठं आहेस?"

"समोर!"

मग दातांच्या दवाखान्याची पाटी आली. मालकांनी दोरी मारलीच नाही. शेवटचा 'ना' मावेना, म्हणून तो शेजारच्या दारावर काढला. दार उघडलं की दवाखाना अपुरा. दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पेंटर, हे तुमचं काम नव्हे," म्हणाल्या आणि त्यांनीच मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथं मालकांनी चार वर्षांच्या गोळ्या कबूल केल्या आणि माझा फोटो निघाला. जन्मातला पहिला, आणि त्यात मी आक्रसलेला.

"मला पुन्हा पाटी जमेल?" मालकांनी एवढंच विचारलं.

"बरंच भरून येतं, सगळं येईलच असं नाही. गोळी एकदम बंद करू नका, आपण मात्रा हळूहळू उतरवू," डॉक्टर म्हणाले.

घाम, मळमळ, चिडचिड यांत वर्ष गेलं. मी कारखाना कुरकुरत सुरू केला.

मित्रांनो, दुखलं तर औषध जरूर घ्या. पण डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा. अडकलात, तर लपवू नका, सांगा. मला दुरुस्त करता येतं, बदलून मिळत नाही.

काल मालकांनी तीच पाटी पुन्हा रंगवली. दोरी दोनदा मारली. सगळी अक्षरं मावली, शेवटी चार बोटं जागा उरली.

"एवढी कशाला सोडलीत?" बायकोनं विचारलं.

"असू दे," मालक म्हणाले. "अजून माझा भरवसा नाही."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या पुढच्या भागानं सुचवलं.