वाल्मीकची बिनधुराची चूल

धुराड्याचा पाइप कौलांतून वर काढून वाल्मीक ओव्हाळ छपरावर उकिडवा बसला आणि खाली चुलीपाशी बसलेल्या बायकोला त्याने आवाज दिला, "पेटीव गं."

अनुसयाने काडी ओढली. पाइपाच्या तोंडावर तळहात धरून वाल्मीक वाट पाहत राहिला. धूर आला, पण पाइपातून आला नाही. कौलांच्या फटींतून आला, दारातून आला, खिडकीतून आला आणि त्याच्या मागोमाग तोंडाला पदर लावून खोकत खोकत अनुसया अंगणात आली. शेजारच्या खाचराच्या बांधावर म्हातारा गेणबा बैल धरून उभा होता. त्याने सगळं नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "वाल्मीका, धूर वाट चुकला जनू."

शिडी लावलेली असूनही वाल्मीक बराच वेळ खाली उतरला नाही.

तो खडकीच्या एका कारखान्यात बॉयलरवर फायरमन होता. ऐन विशीत त्याने कोळशाचं फावडं हातात घेतलं ते रिटायर होतानाच खाली ठेवलं. खडकीत चार जणांत मिळून एक खोली होती. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने तो कोळवणजवळच्या आपल्या वस्तीवर यायचा आणि सोमवारी कोंबडं आरवायच्या आत परत निघायचा. मधल्या रविवारी अनुसया कोंबडी नाहीतर ओढ्यातले मळी मासे रांधायची, दोघं जेवायची, आणि भांडायला काही सवडच मिळायची नाही. संसार असा सुखाचा झाला. पोरी वाढल्या, लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. मग वाल्मीक पेटी आणि वळकटी घेऊन कायमचा घरी आला. मंगळवारीसुद्धा नवरा घरात असतो, ही गोष्ट अंगवळणी पडायला अनुसयाला फार दिवस लागले.

वाल्मीकलाही करमत नव्हतं. कारखान्यात त्याला एकच गोष्ट शिकवली होती: ऊब वाया जाता कामा नये. पाइपाच्या सांध्यातून वाफेचा नुसता सुस्कारा आला तरी तो झोपेतून उठून बसायचा म्हणे. आणि इथे बघावं तर सगळं घरच गळत होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती. थंडीत तिथून वारा आत यायचा आणि चुलीची ऊब बाहेर जायची. आपण जन्मभर लोकांची वाफ सांभाळली आणि आपलं घर मात्र असं, याची त्याला लाज वाटली.

म्हणून पहिल्या थंडीत त्याने शेणमाती कालवून ती सगळी जागा बुजवली. घर छान उबदार झालं. मग अनुसयाने संध्याकाळची चूल पेटवली आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे धूर घरातच बसून राहिला. त्या दिवशी नवराबायको घोंगड्या पांघरून अंगणात जेवली. दुसऱ्या दिवशी वाल्मीकने चुलीच्या बाजूची माती पुन्हा फोडली. त्यानंतर त्याने पौडहून काचेचं कौल आणून छपरात बसवलं. ते मात्र जमलं. दिवसा कंदील लावायला नको झाला. फक्त सकाळी उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला की घरातल्या सगळ्या कोंबड्या त्यात येऊन बसायच्या आणि उठायला तयार नसायच्या.

आणि आता ही चूल. पौडला पंचायत समितीच्या आवारात त्याने ती पाहिली होती. सरकारने तेव्हा बिनधुराच्या चुलींची टूमच काढली होती. चूल सगळीकडून बंद, सरपणाला लहानसं तोंड, वर दोन भांड्यांसाठी दोन भोकं आणि मागून धुराडं. वाल्मीकला ती बघताक्षणीच ओळखीची वाटली. हा तर छोटा बॉयलर होता. कुणाला न विचारता त्याने अनुसयाची चूल फोडली. ती नुसती बघत राहिली, आणि तिथेच त्याने ओळखायला हवं होतं.

धूर वाट चुकला त्या दिवसापासून अनुसयाने अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी, तीन दगड मांडले आणि त्यावर स्वयंपाक सुरू केला. वस्तीतली प्रत्येक बाई थांबून विचारायची आणि अनुसया प्रत्येकीला खरं तेच सांगायची. आत वाल्मीक नव्या चुलीपाशी बसून विचार करायचा. फायरमन होता तरी चिमणीच्या वरच्या टोकाशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता. त्याचं काम खालचं. तरीही एक दिवस त्याला चिमणी आठवली, सगळ्या इमारतींच्या वर डोकं काढून उभी असलेली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला पाइप आढ्याच्या खालीच संपतोय. आढ्यावरून उतरणारा वारा धुराला परत घरात ढकलत होता. त्याने आणखी एक पाइप जोडून टोक आढ्याच्या वर नेलं. धूर निमूट वर गेला.

त्याने अनुसयाला बोलावून दाखवलं. तिने धूर बघितला, मान हलवली, आत येऊन तव्यावर भाकरी टाकली आणि ती शेकायला निखाऱ्यासमोर उभी करायला गेली. चुलीचं तोंड इतकं लहान होतं की भाकरीला समोर उभं राहायला जागाच नव्हती. भाकरी फुगली नाही. तिने ती तशीच त्याच्या ताटात वाढली आणि दुसरीच्या वेळी पीठ उचलून पुन्हा अंगणात गेली.

उघड्यावर, वाऱ्यात, सरपण भराभर जळायला लागलं. वाल्मीकला ते बघवेना. तो म्हणाला की तीन दगडांवर निम्मी आच वाऱ्यालाच जाते, एवढं लाकूड काय फुकट येतं का. अनुसयाने आतून कोयता आणि डोक्यावरची चुंबळ आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"उद्या तुमी जावा मोळीला," ती म्हणाली.

वाल्मीक गेला. शेजारच्या तुळजाबाईंबरोबर चार बायका निघाल्या होत्या, त्यांच्या मागून अंतर ठेवून हा. डोंगर त्याने लहानपणी गुरांमागे पाहिला होता. तेव्हा लाकूड पायथ्यालाच मिळायचं. आता बायका पहिला टप्पा चढल्या, दुसरा चढल्या, खिंडीपर्यंत गेल्या तेव्हा कुठे वाळक्या फांद्या दिसायला लागल्या. वाल्मीकच्या छातीचा भाता झाला होता. पण पुरुषासारखा पुरुष म्हणून त्याने बायकांच्या दीडपट मोळी बांधली. ती त्याला उचलेना. दोघींनी ती त्याच्या डोक्यावर ठेवून दिली. पहिल्या उताराला मोळी पुढे गेली आणि वाल्मीक मागे बसला. दुसऱ्या उताराला मोळी आणि वाल्मीक बरोबरच बसले. शेवटी तुळजाबाईंनी मोळी सोडली, निम्मी लाकडं आपसात वाटून घेतली आणि म्हणाल्या, "भावजी, वैनी सातव्या म्हैन्यात बी हितनं उतरली व्हती. तुमी नुसतं सरळ चाला."

वस्तीत शिरताना दुकानापुढच्या बाकड्यावरचे लोक वळून बघायला लागले. पुरुष मोळी घेऊन येताना कुणी पाहिला नव्हता. वाल्मीक त्यांच्यापुढून मान ताठ ठेवूनच गेला, कारण मोळीखाली ती वळतच नव्हती.

अंगणात त्याने मोळी टाकली आणि ओट्यावर बसला. अनुसयाने पाणी दिलं. त्याने ते प्यायलं आणि रिकामा तांब्या खाली ठेवला. कारखान्यात कोळसा रेल्वेच्या वाघिणीतून यायचा. तो कुठून येतो हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि घरचं सरपण कुठून येतं हेही.

"तुला कशी पायजे चूल?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. ती थोडी गोंधळली. मग चुलीतला कोळशाचा तुकडा घेऊन तिने ओट्यावरच रेघा ओढल्या. तोंड रुंद हवं, भाकरी समोर उभी राहिली पाहिजे. उंची वीतभर जास्त हवी, कमरेतून वाकायला नको. मागचं भोक लहान, डाळीच्या भगुल्याला. वाल्मीक म्हणाला, तोंड एवढं रुंद ठेवलं तर आच बाहेर जाईल.

"जाऊ द्या की थोडी," अनुसया म्हणाली. "भाकरीला बी लागती. सगळी आच काय तुमच्या एकट्याची न्हाई."

त्याने चूल पुन्हा फोडली आणि तिच्या रेघांबरहुकूम बांधली. आपलंही समाधान म्हणून तोंडाला पत्र्याची एक झडप केली: भाकरीच्या वेळी उघडायची, एरवी लावायची. यावेळी भाकरी टम्म फुगली. अनुसयाने ती वस्तीतल्या तीन घरांत नेऊन दाखवली.

पुढचं वर्ष वाल्मीकचं होतं. मोळी दुप्पट दिवस पुरायला लागली. अनुसयाने काळ्या भिंतींना चुना दिला. बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसली ती पुसलेलीच राहिली. तिचे डोळे बारा महिने लाल असायचे, ते निवळले. वाल्मीकला ते डोळे असे नितळ कधी माहीतच नव्हते. तो कधीकधी विनाकारण तिच्याकडे बघायचा आणि ती "काय बघताय" म्हणून खेकसायची. तुळजाबाईंच्या घरीही त्याने चूल बांधून दिली, आणि बांधायच्या आधी विचारलं.

मग एका दुपारी जेवताना त्याच्या आमटीत पिठासारखं काहीतरी पडलं. त्याने वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी भातावर पडलं. अनुसयाने अंथरूण झटकलं तर त्यातूनही पिवळसर भुकटी उडाली. रात्रंदिवस छपरातून करकर ऐकू यायला लागली. वाल्मीकने शिडी लावून एका वाशाला बोटाने टोचलं, तर बोट आत गेलं.

गेणबाला बोलावलं. त्याने छपराकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक मोठा आनंद पसरला.

"आरं, धुरानं वासं टिकत्यात," तो म्हणाला. "तुझ्या बापाच्या वक्ताचं बांबू हायेत ते. धूर खाऊन खाऊन कडक झालं व्हतं. तू धूर हाकलला, भुंगा आला."

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यातला एक वासा मोडला आणि पंधरावीस कौलं कोंबड्यांमध्ये पडली. कोंबड्या वाचल्या, काचेचं कौलही वाचलं. पण वाल्मीक मनातून खचला. त्याने नवा वासा घातला, कौलं लावली आणि पहार घेऊन चुलीपाशी येऊन बसला.

"मोडतो ही," तो म्हणाला. "जुनी व्हती तशी घालून देतो. घर ऱ्हायलं पायजे."

अनुसया चुलीच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "माज्या डोळ्याचं पानी आत्ता कुटं थांबलंय."

"मंग छपराचं काय?"

"छपराला धूर पायजे ना? रोज कशाला, म्हैन्यातनं एकदा द्या. म्या लई धूर केला या घरात. आता तुमी करा."

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार ठरला. अनुसया सकाळीच अंथरुणं, धान्य, कपडे, तसबीर आणि कोंबड्या बाहेर काढायची. वाल्मीक घराच्या मधोमध मोठ्या घमेल्यात शेण्या पेटवायचा, त्यावर निरगुडीचा ओला पाला टाकायचा, पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबायचा आणि दार ओढून घेऊन आत बसायचा. ज्वाळ उठू द्यायची नाही आणि विस्तव विझूही द्यायचा नाही, हे बसूनच करायचं काम होतं.

पहिल्या रविवारी सगळ्या कौलांतून एकदम धूर निघाला. रस्त्याने चाललेल्या एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. गेणबा खाचरातून पाण्याचा हंडा घेऊन धावत आला.

"अगं अनुसया, घर पेटलं की तुजं!"

अनुसया ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"पेटलं न्हाई," ती म्हणाली. "आमचं मालक कामावर हायेत."

गेणबा हंडा तसाच धरून उभा राहिला. आतून खोकल्याची एक लांब उबळ आली, मग घमेलं सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि वाल्मीक पायरीवर येऊन बसला. भुवया राखेने पांढऱ्या झाल्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अनुसयाने सूप बाजूला ठेवलं, गेणबाच्या हातातला हंडा घेतला आणि वाल्मीकच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्याने तोंड धुतलं. दोनचार श्वास घेतले. मग तो उठला, आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.