खिडकीतल्या उन्हाचा पट्टा

"अमृता, घरच्या कॅमेऱ्याचा फोटो प्रॉक्सीतून मागवू नकोस. तो मधला गडी आहे. एकदा आणलेलंच परत परत हातात ठेवतो," असं श्रीरंगने बजावलं होतं. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मी म्हटलं, "फोटो येतोय ना? मग झालं तर."

बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात फोन दाराशीच लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि बाहेरचं इंटरनेट मिळतं ते प्रॉक्सी सर्व्हरमार्फत. म्हणून मी पायथनमध्ये चार ओळींचा कोड लिहून प्रॉक्सीचा पत्ता दिला होता. सर्जापूर रोडवरच्या घरातल्या कॅमेऱ्याकडे दर थोड्या वेळाने फोटो मागायचा, एवढंच काम. माझी लेक भव्या दीड वर्षाची. ताप चढला की तिला झटका येतो, एकदा येऊन गेलाय. दिवसभर तिला सांभाळायला भाग्यलक्ष्मी अक्का असायच्या.

त्या दुपारी गेटवरचा शिवाप्पा वर आला. आमच्या निपाणीकडचाच. "बाई, घरनं खाली फोन आलाय. पोरीला ताप चढलाय म्हणत्यात, लगेच या म्हणत्यात."

मी स्क्रीनकडे पाहिलं. भव्या गादीवर पालथी, मूठ गालाखाली. "झोपलीये हो ती. अक्का उगाच घाबरतात. संध्याकाळी येतेच म्हणावं."

"तुमच्या टीव्हीत झोपली आसंल," तो जाता जाता म्हणाला, "फोनवर अक्का रडत्यात."

मी परत फोटो पाहिला. गादीपाशी फरशीवर उन्हाचा पट्टा होता. तो तिथे सकाळी असतो. जेवणं होईपर्यंत खिडकीकडे सरकत नाहीसा झालेला असतो. फोटो येत होते, पण सगळे सकाळचेच.

जिन्यानेच पळाले. लॉकरमधल्या फोनवर अक्कांचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल, शेवटी दवाखान्यात नेतेय असा निरोप.

दवाखान्यात पोचले तोवर झटका येऊन गेला होता, ताप उतरत होता. घरची लिफ्ट बंद म्हणून अक्का भव्याला कडेवर घेऊन चार मजले उतरल्या होत्या, त्यात त्यांना बीपी. त्यांचे हात गार पडले होते.

"अक्का, तुम्हीपण दाखवून घ्या ना."

"सरी, सरी," त्यांनी कानडीत बरं बरं म्हणून टाळलं. "स्वल्प दम लागला, इतकंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झोपलीय म्हणालीस म्हणे तू."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कोड मी लगेच बदलला. आता प्रॉक्सीला दर वेळी ताजाच फोटो मागते, फोटोवरची वेळही तपासते. अक्कांचा फोन मात्र त्यांची भाची पवित्रा उचलते. "मावशी बरी आहे, झोपलीय." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. रविवारी इंदिरानगरला त्यांच्या घरी जाऊन आले, तर अर्ध्या दारातून तेच वाक्य. मला ती आत घेत नाही.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत निळं फाटक आहे. माझं नाव काढू नका. भाचीने काही सांगितलं तरी पाणी मागून आत जा, आणि अक्का उठून बसल्यात का ते एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा.