कर्कासुराचा धागा

साल बासष्टचं. तेल्हाऱ्याच्या बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुठूनसे उगवलेले भस्मानंद महाराज चाकू न लावता पोटातला कॅन्सर काढणार होते! देवमन बायकोला, जाईबाईला, घेऊन आला होता. तिच्या पोटात कॅन्सर पसरून पाणी भरलं होतं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, "सुईनं पाणी काढू आणि त्याच वाटेनं औषध थेट पोटात सोडू." जाई तयार होती. सुईचं नाव ऐकून तिला तिथून परत घेऊन आला तो देवमन.

महाराजांनी जाईच्या पोटाला हळद फासली, कमंडलूत हात बुडवले. "कर्कासुरा! खेकड्याच्या नाना! पाताळाच्या घरजावया! निघ!" गर्जत पोट दाबलं, तर काय, पोट लालभडक! मुठीतून रक्ताळलेला गोळा निघाला. लोक नाचायलाच लागले. कुणाची टोपी उडाली, ती दुसऱ्याच्या डोक्यावर बसली.

"घे, नदीत सोड," म्हणत महाराजांनी गोळा देवमनच्या हाती दिला. इथंच फसले हो! कापसाचा भाव करताना झुबका ओढून धागा पाहायचा, ही वऱ्हाडी बोटांची जन्माची खोड. देवमन भक्तीनं डोळे मिटून उभा, बोटांनी मात्र आपलं काम केलं. गोळा ताणला. धागा निघाला.

"अबे, हा तं कापूस होय!"

"पाहू दे!" चार हात धावले.

"धागा आखूड हाय."

"वल्ला माल! कोन घेईन याले?"

कर्कासुराचा तिथंच लिलाव लागला. निजल्या जागी जाईला हसू आवरेना. "आन् हे रगत? हळदीवर चुन्याचं पानी! कुकू कसं करतेत, इसरले का जी?"

तोवर महाराज कमंडलू टाकून पसार झाले होते.

जाईचं पोट मात्र तेवढंच फुगलेलं होतं. ते पाहून देवमनला रडू फुटलं. "जाई, त्यानं बरं व्हाची खात्री देल्ली होती. डाक्तर तं थे बी देत नाई."

"नाई देत. पानी कमी होईन, आराम पडन, बाकी पाहू, म्हने. पन काय करते, काहून करते, समदं सांगते. चला त्याच्याकडं. मले तुमच्यासंगं अजून लय भांडाचं हाय."

देवमननं डोळे पुसले आणि तिला अकोल्याच्या मोटारीत बसवलं.

बाबांनो, चमत्कार पुढ्यात आला, की हात जोडण्याआधी एकदा ओढून पाहत जा.